ग्राहक गौरवासाठी बक्षिसे कशी निवडावीत? (किराणा-भुसार, सोलापूर)

भुसारकर

नमस्कार. सोलापूरच्या पूर्व भागात आमचे किराणा-भुसार मालाचे दुकान आहे. वडिलांनी सुरू केलेल्या या दुकानात आजमितीस वहीवर नाव असलेली सुमारे ३५० कुटुंबे आहेत. त्यांतली निम्म्याहून अधिक घरे यंत्रमागावर काम करणाऱ्यांची आणि विड्या वळणाऱ्या बायकांची आहेत. त्यांचा बाजार आठवड्याच्या पगारावर चालतो. पाच खानावळी आणि दोन नाश्त्याच्या गाड्याही आमच्याकडून माल उचलतात.

गेली दोन वर्षे दिवाळी पाडव्याला आम्ही ‘ग्राहक गौरव’ करतो. वर्षभरातील सर्वाधिक खरेदीला ३२ इंची टीव्ही, दुसऱ्या क्रमांकाला मिक्सर, सोडतीतून एकाला काचेचा डिनर सेट आणि ५० जणांना दुकानाचे नाव छापलेली भिंतीवरची घड्याळे, अशी आमची बक्षिसे होती. दोन्ही वर्षी टीव्ही खानावळवाल्यांकडे गेला आणि दोघांच्याही घरी आधीच टीव्ही होता. डिनर सेट एका विडी कामगार बाईंना मिळाला. त्यांच्या मुलीच्या लग्नाची साखर पोहोचवायला मी स्वतः गेलो, तेव्हा तो खोका चकचकीत कागदासकट फळीवर तसाच होता. त्या म्हणाल्या, “काचेचं हाय मालक, पोरं फोडतील. पोरीच्या आहेरात दिऊन टाकते.” त्यांनी तसे केलेही. घड्याळांविषयी लिहीत नाही; किती घरांत ती भिंतीवर दिसली हे मला हाताच्या बोटांवर मोजता येईल.

यंदा ६०,००० रुपये बाजूला काढले आहेत. वडिलांचे म्हणणे असे की, बक्षीस वाटायचे तर घेणाऱ्याला ते घेतल्यासारखे वाटले पाहिजे. जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

जाईजुई

दादा, आपण बक्षिसाची वस्तू आधी ठरवलीत आणि ती कोणाला द्यायची हे नंतर पाहिलेत, असे मला वाटते. संक्रांतीला हळदीकुंकवाचे वाण निवडताना आम्ही बायका नेमके उलट करतो. कोणाकोणाला बोलावणार ते डोळ्यांपुढे आणतो आणि मग त्या घरांत काय लागेल याचा विचार करतो. म्हणून वीस-तीस रुपयांची चाळणी किंवा पळीसुद्धा पुढची दहा वर्षे वापरात राहते आणि ती हातात घेताना देणारीची आठवण होते.

आपल्या ग्राहकांचे घर दहा बाय बाराचे असेल, तर त्या घरात जागेलाच किंमत आहे. भिंतीवर देवाच्या तसबिरी, कॅलेंडर आणि मुलांचे फोटो आधीच असतात. तिथे घड्याळासाठी खिळा ठोकायचा कुठे? जी वस्तू एकात एक बसते, टांगता येते किंवा आधीच्या एखाद्या जुन्या वस्तूची जागा घेते, तीच तिथे चालेल. डिनर सेटला स्वतंत्र कपाट लागते, हे तो विकत घेताना कोणाच्या मनात येत नाही.

आणखी एक विचारते. सर्वाधिक खरेदी हा निकष कशासाठी? खानावळवाला एका महिन्यात जेवढा तांदूळ नेतो, तेवढा ती बाई दोन वर्षांत नेत असेल. त्या शर्यतीत ती कधीच पुढे येणार नाही आणि हे तिला पहिल्याच वर्षी कळलेले असते.

खतावणी

मी करसल्लागार म्हणून काम करतो. बक्षीस निवडताना कायदा आणि कर यांचा विचार शेवटी केला जातो आणि मग धावपळ होते, म्हणून आधीच लिहितो.

पहिली गोष्ट सोडतीची. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील कलम २(४७) वाचावे. विक्री वाढवण्यासाठी घेतलेली स्पर्धा, सोडत किंवा नशिबाचा खेळ हा, विहित अपवाद वगळता, तिथे अनुचित व्यापारी प्रथेत मोडतो. त्याच कलमात आणखी दोन गोष्टी येतात: जे बक्षीस जाहीर केले ते देण्याचा हेतूच नसणे किंवा ज्याची किंमत मालाच्या दरात आधीच धरलेली आहे ते फुकट असल्याचा भास निर्माण करणे, आणि योजना संपल्यावर तिचा अंतिम निकाल सहभागी ग्राहकांपासून दडवणे. त्यामुळे माझा सल्ला स्पष्ट आहे. सोडत बंद करावी, निकष आधी लिहून दुकानात लावावा आणि निकालही त्याच जागी लावावा.

दुसरी गोष्ट जीएसटीची. भेट म्हणून दिलेल्या वस्तूंच्या खरेदीवर भरलेल्या कराची वजावट (तो कर आपल्या देय जीएसटीतून वळता करून घेणे) केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७(५)(एच) प्रमाणे मिळत नाही. ७ मार्च २०१९ च्या परिपत्रकातही हे स्पष्ट केले आहे. म्हणजे १,००० रुपयांच्या वस्तूवर भरलेला कर हा तुमचा खर्चच धरावा लागतो, आणि ६०,००० रुपयांचा हिशोब करासकट करावा. आपल्याच दुकानातला तेलाचा डबा उचलून बक्षीस म्हणून दिला, तरी त्यावर घेतलेली वजावट परत करावी लागते. बिलावरच सूट दिली तर मात्र ती रक्कम मालाच्या करपात्र किमतीतून वजा होते. तुम्ही कॉम्पोझिशन योजनेत, म्हणजे छोट्या व्यापाऱ्यांसाठी उलाढालीवर ठरावीक दराने कर भरण्याच्या योजनेत असाल, तर वजावटीचा प्रश्न मुळातच येत नाही.

तिसरी गोष्ट उद्गम करकपातीची (टीडीएस), म्हणजे देणाऱ्यानेच आधी कापून सरकारात भरायच्या कराची. खानावळवाला तुमच्याकडून व्यवसायासाठी माल घेतो. १ जुलै २०२२ पासून लागू झालेल्या तरतुदीनुसार, व्यवसायाच्या संबंधातून एखाद्याला वर्षभरात २०,००० रुपयांहून अधिक किमतीचा लाभ दिला तर १० टक्के करकपात करावी लागते, मग तो लाभ वस्तुरूपात का असेना. देणारा स्वतः व्यक्ती असेल आणि मागील वर्षी व्यवसायाची उलाढाल १ कोटीच्या आत असेल तर त्याला यातून सूट आहे. सोडतीच्या बक्षिसाची किंमत १०,००० रुपयांच्या पुढे गेली तर कराचा दर ३० टक्के असतो आणि वस्तू हाती देण्यापूर्वी तो कर भरला गेल्याची खात्री देणाऱ्यानेच करायची असते. आपला टीव्ही सोडतीतला नव्हता, हे बरे झाले.

टॉवेलवाला

सोलापुरात बक्षीस म्हटले की चादर द्यावी, असे कोणीतरी सुचवणारच, आणि विणकराच्या घरी चादर काय द्यायची, असेही कोणीतरी म्हणणार. माझा जन्म मागाच्या खडखडाटात गेला, म्हणून थोडे आतले सांगतो. आमच्या घरी आम्ही कायम डागी माल पांघरला. धागा सुटलेली, काठ वाकडा गेलेली किंवा तेलाचा डाग पडलेली चादर बाजारात पूर्ण भावाने जात नाही, ती घरात येते. पहिल्या प्रतीची, घडी न मोडलेली चादर आमच्या आईने पाहुण्यांसाठी ट्रंकेत ठेवली होती आणि ती आम्हा भावंडांपैकी कोणाच्याही अंगावर कधी आली नाही.

म्हणून विणकराच्या घरी चादर देऊ नये, हे मला पटत नाही. मात्र ती खरोखर पहिल्या प्रतीची असावी. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरी त्या नावाने बाहेरचा हलका माल सर्रास विकला जातो. बाजारात घेताना तळहातावर वजन पाहावे आणि उलटी बाजू तपासावी. खऱ्या जेकार्ड चादरीत नक्षी दोन्ही बाजूंनी विणलेली दिसते, फक्त रंग उलटे होतात. एकाच बाजूला नक्षी उठत असेल, तर ते छापकाम आहे असे समजावे. बक्षीस म्हणून हलकी चादर घेतलीत, तर ज्या गल्लीत ती वाटणार आहात तिथले लोक घडी उघडायच्या आधीच ती ओळखतील, आणि मग वाटली नसती तर बरे झाले असते असे वाटेल.

खानावळवाला

मी दुसऱ्या एका दुकानाचा ‘सर्वाधिक खरेदीचा’ ग्राहक आहे आणि दोन वर्षांपूर्वी मला मंचावर बोलावून मोठा खोका दिला गेला. देणाऱ्याचा मान राखून सांगतो, त्या वस्तूचा मला काही उपयोग झाला नाही.

माझ्या धंद्याचे गणित वेगळे आहे. माझ्याकडे जेवणारी मुले बाहेरगावची आहेत. परीक्षा संपल्या की एप्रिलच्या शेवटापासून ती घरी जातात आणि जूनच्या मध्यापर्यंत माझी पाने निम्म्यावर येतात. स्वयंपाकाच्या बायकांना मात्र मी कामावरून काढत नाही, कारण जूनमध्ये तसे हात पुन्हा मिळत नाहीत. त्या दीड महिन्यात दुकानदाराने उधारीची मुदत आठ दिवसांवरून वीस दिवसांवर नेली किंवा बिलावर शेकडा दोन-तीन रुपये सूट दिली, तर ते मला कोणत्याही टीव्हीपेक्षा मोठे बक्षीस वाटेल. आणि पहाटे सहाच्या आत माल पोहोचला तर मी त्याचे नाव चार खानावळवाल्यांना सांगेन. आम्हा लोकांना घरगुती ग्राहकांच्या ओळीतच बसवू नका. आमची ओळ वेगळी ठेवा. मग त्यांचाही आमच्याशी सामना होणार नाही.

भुसारकर

सर्वांचे मनापासून आभार. खानावळवाले साहेब, आपले म्हणणे वाचून मी आमच्या पाचही खानावळींच्या मे महिन्याच्या खात्यांची पाने उघडून पाहिली. पाचांपैकी चौघांची उधारी दरवर्षी त्याच महिन्यात लांबते. मी आजवर त्याला ‘कंटाळा’ म्हणत आलो होतो. मालाची उचलही त्याच महिन्यात निम्मी होते, हे आकडे शेजारी शेजारी पाहिल्यावर लक्षात आले.

जाईजुई ताई, निकषाविषयी आपण विचारलेत त्यावर घरात दोन रात्री बोलणे झाले. रकमेऐवजी आठवडे मोजावेत, असे आता वाटते. वर्षाच्या ५२ आठवड्यांपैकी किती आठवडे हे कुटुंब आमच्या दुकानात आले, मग ते ३०० रुपयांचा माल नेवोत की ३,००० रुपयांचा. संगणकावरच्या बिलांतून ते काढता येते, फक्त एकाच घरातले तीन मोबाइल क्रमांक एकत्र करावे लागले. ते काम माझ्या बहिणीने वहीशी ताडून केले.

एक शंका आहे. ज्यांची उधारी थकलेली आहे, त्यांना यातून वगळावे का?

हिशेबी

माझ्या मते वगळावेच. बक्षीस ही दुकानाच्या नफ्यातून दिलेली गोष्ट आहे आणि जो वेळेवर पैसे देतो त्याच्याच व्यवहारातून तो नफा हाती येतो. वेळेवर देणाऱ्याला आणि थकवणाऱ्याला एकाच पंगतीत बसवले, तर वेळेवर देणारा पुढच्या वर्षी हात आखडता घेईल. माझ्या वडिलांचे दुकान उधारीनेच बसले. वसुलीसाठी दारोदार फिरताना लोक खिडकीतून पाहून आत जात, हे मी लहानपणी त्यांच्या सायकलच्या दांडीवर बसून पाहिलेले आहे.

जाईजुई

हिशेबी दादा, आपले दुःख खरे आहे आणि ते मी खोडत नाही. तरीही ‘वेळेवर पैसे देणारे ग्राहक’ अशी यादी दुकानात लावली की तिच्यात नसलेल्यांची दुसरी यादी गल्लीला आपोआप कळते. आठवड्याचा पगार अडकला, घरात आजारपण आले, की खाते मागे पडते. ज्याला फेडायचेच नाही, तो त्या दुकानाची पायरी चढणे टाळतो, वाट बदलून दुसऱ्या दुकानात जातो. जो दर आठवड्याला समोर येऊन उभा राहतो, थोडे देतो आणि थोडे नेतो, त्याची नियत त्याच्या येण्यातच दिसते. म्हणून आठवडे मोजले की आपली काळजीही बऱ्याच अंशी दूर होईल. खरेदीच्या रकमा मात्र कोणाच्याही जाहीर करू नका. कोणाच्या घरी किती साखर लागते, हे चारचौघांत वाचायचे नसते.

आता वस्तूविषयी. आपल्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. ज्या घरात दोन नळांच्या मधले दिवस भांड्यांत काढायचे असतात, तिथे तोटीचे स्टीलचे पिंप ही चैनीची वस्तू नाही. झाकण घट्ट बसणारे, तोटी बदलता येणारी आणि आत हात घालून घासता येईल इतक्या रुंद तोंडाचे घ्या. अरुंद तोंडाची दिसायला छान असतात, पण तळाचा क्षार निघत नाही.

आणि त्यावर दुकानाचे नाव घालू नका, त्या बाईचे नाव घाला. भांड्याच्या दुकानात मशीनने ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरून देतात, ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. माझ्या आईच्या हंड्यावर तिचे माहेरचे नाव आहे, तारखेसकट. लग्नातल्या सगळ्या वस्तू गेल्या, हंडा आहे. दुसऱ्याची जाहिरात असलेले भांडे पाहुण्यांसमोर ठेवताना बाई नावाची बाजू भिंतीकडे करते. स्वतःचे नाव असेल तर बाहेर करते.

टॉवेलवाला

नावाची कल्पना मला फार आवडली. मी माझी चादर मागे घेतो. पिंप द्या.

खतावणी

दोन छोट्या गोष्टी. पिंपाऐवजी कोणी कुकर सुचवला, तर त्यावर आयएसआय चिन्ह असल्याशिवाय घेऊ नका. घरगुती प्रेशर कुकरसाठी २०२० च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने ते सक्तीचे केले आहे, आणि बक्षीस म्हणून दिलेला कुकर फुटला तर दोष देणाऱ्याच्याही दारात येतो. दुसरे, मागच्या मिक्सरचे वॉरंटी कार्ड आपण विजेत्याला दिलेत का? खरेदीचे बिल दुकानाच्या नावाने असते आणि कार्ड गल्ल्यात राहते, मग वस्तू बिघडली की घेणाऱ्याला दाद मागता येत नाही. निकष ठरताना मुद्दा फक्त आठवड्यांचा आहे, तेव्हा सोडतीचा प्रश्न उरत नाही, हे चांगले झाले.

भुसारकर

खतावणी साहेब, ते कार्ड खरोखरच गल्ल्यात सापडले. काल नेऊन दिले.

आता ठरले ते लिहितो. ४५ किंवा अधिक आठवडे आलेली ६१ कुटुंबे निघाली आणि ४८ किंवा अधिक आठवडे आलेली २४. सर्व ६१ घरांना काही मोठे देणे झेपणारे नाही, म्हणून यंदा २४ घरांना पिंप. रुंद तोंडाचे पिंप नाव घालण्याच्या मजुरीसह आणि करासह १,६०० रुपयांना पडते, म्हणजे ३८,४०० रुपये झाले. पाच खानावळींना मे आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात बिलावरच सूट आणि वीस दिवसांची मुदत, त्यासाठी १२,००० रुपये धरले आहेत. ९,६०० रुपये उरतात. ते उरलेल्या ३७ घरांसाठी आहेत, त्यांचे अजून ठरत नाही. ऊसतोडीला किंवा गावी शेतीच्या कामाला जाऊन तीन-चार महिने बाहेर राहणाऱ्या घरांवर आठवड्यांचा निकष अन्याय करतो, हे वडिलांनी दाखवून दिले. त्यांच्यासाठी हजर असलेल्या महिन्यांचेच आठवडे धरावेत, असा विचार चालू आहे.

पाडव्याचा समारंभ रद्द केला. त्या दिवशी दुकानात उभे राहायला जागा नसते आणि ज्यांना बोलवायचे, त्यांचेही घर पाहुण्यांनी भरलेले असते. उन्हाळा लागण्यापूर्वी, मार्चच्या पहिल्या आठवड्यात, आम्ही पिंपे घरी नेऊन देणार आहोत. एवढे मोठे भांडे बाईने गल्लीतून उचलून न्यावे, हेही बरे दिसले नसते.

नावांच्या बाबतीत मात्र एक गोष्ट घडली, ती सांगायलाच हवी. आमच्या वहीत २४ पैकी १९ खाती पुरुषांच्या नावाने आहेत, आणि दुकानात येऊन वाणसामान नेणाऱ्या मात्र बहुतेक सगळ्या बायकाच. त्यांची नावे आम्हाला ठाऊकच नव्हती. ‘कोपऱ्यावरच्या ताई’, ‘अमक्याची आई’, एवढ्यावर पंचवीस वर्षे व्यवहार चालला. म्हणून गेल्या आठवड्यात बहीण काउंटरवर बसली आणि माल बांधता बांधता प्रत्येकीला तिने विचारले, “भांड्यावर नाव घालायचंय, काय घालू?” बऱ्याच जणी आधी नवऱ्याचे, मग मुलाचे नाव सांगत. ती म्हणे, “तुमचं सांगा.” मग पिशवी खाली ठेवून, पदर सारखा करून त्या पूर्ण नाव सांगत. चौघींनी तेलुगूत आणि एकीने कन्नडमध्ये हवे म्हणून सांगितले आहे. डिनर सेटवाल्या बाईंचे ५० आठवडे भरले आहेत. त्यांनी स्वतःचे नाव दोनदा लिहून पाहिले आणि दुसरा कागद दिला.

भांडेवाल्याकडे तेलुगू अक्षरे कोरणारा कारागीर आहे, कन्नडचा नाही. शहरात कन्नड अक्षरांत नाव घालून देणारा कोणी आपल्या माहितीत असल्यास इथे कळवावे. फेब्रुवारीच्या शेवटापर्यंत मला ते काम उरकायचे आहे.

खानावळवाला

माझे भांडे मी जिथे नाव घालायला टाकतो, तिथल्या काकांना कन्नड येते. उद्या सकाळी विचारून पत्ता कळवतो. अक्षरे मात्र मोठी आणि सुटी लिहून न्या. जोडाक्षरे मशीनवर गिचमिड होतात.